मिरचीचा ठसका

धावड्यात आमची ॲम्बुलन्स शिरली तेव्हा भर दुपार होती आणि गल्लीभर भाजल्या मिरचीचा नाकात झोंबणारा खाट होता. आमचा पायलट, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, अंगद उतरायच्या आधीच शिंकला. घरात गिरिजाबाई बाजेवर बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर टेकवून, तोंड वासून. ओठ जांभळे पडले होते. मी घाबरले. डॉक्टरने घाबरू नये म्हणतात, पण म्हणणारे कधी ॲम्बुलन्समध्ये बसत नाहीत.

त्यांचा मुलगा कल्याण सगळं सांगून मोकळा झाला. आईला वीस वर्षांचा दमा, हा तिचा पंप, आणि आज बायकोने मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. "म्हाताऱ्या माणसाच्या नाकापुढं भाजून राह्यली. अक्कल न्हाई," तो म्हणाला. त्याची बायको दैवशाला चुलीवरून मिरच्यांचा तवा उतरवत होती. दारात जमलेल्या बायका तिच्याकडेच बघत होत्या.

म्हटलं तर गोष्ट सरळ होती. दमा आहे, ठसका बसला, वाफेचं औषध लावा आणि निघा. छातीत शिट्टीही वाजत होती. पण गेल्या महिन्यात आष्टीच्या एका माणसाच्या घरच्यांनीही मला दमाच सांगितला होता. मी ऐकलं, वाटभर वाफ दिली, आणि दवाखान्याच्या दारात त्याच्या तोंडाला गुलाबी फेस आला. हृदय थकून त्याच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. शिट्टी पाण्यानेही वाजते. तो गेला. तेव्हापासून दमा हा शब्द ऐकला की मी आधी पाणी शोधते.

गिरिजाबाईंना बसवूनच गाडीत घेतलं, ऑक्सिजन लावला. बोटावरचं यंत्र रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर दाखवत होतं, रक्तदाब दोनशे दहा. मी छोटं सोनोग्राफी यंत्र काढलं तसा कल्याण तापला. आई काय पोटुशी आहे का, म्हणून विचारायला लागला. त्याला पुढे अंगदशेजारी बसवलं. दैवशाला सासूला पाठीमागून धरून बसली.

अंगद मागे येऊन म्हणाला वाफ लावू का. मी थांब म्हटलं, आणि माझ्याच आवाजाची मला भीती वाटली. ही थांबण्याची वेळ नव्हती. जेलची बाटली नुसती फुसफुसली. दोनदा आपटल्यावर थेंबभर जेल निघालं. कोपर बरगडीशी दाबून यंत्र त्यांच्या छातीवर टेकवलं.

फुप्फुस कोरडं असलं की पडद्यावर आडव्या रेघा दिसतात. इथे पन्हाळीतून पाणी गळावं तशा पांढऱ्या रेघा वरून थेट खाली उतरत होत्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे तेच.

"मॅडम, मिरची दिसून राह्यली का त्यात?" दैवशालाने हळूच विचारलं.

"मिरची नाही, पाणी आहे. हा दम्याचा झटका नाही, हृदयाचं दुखणं आहे."

तिने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. मी जिभेखाली रक्तदाब उतरवायची गोळी ठेवली, पाणी लघवीवाटे निघावं म्हणून शिरेतून इंजेक्शन दिलं, मास्क घट्ट बसवला. अंगदने भोकरदनचा रस्ता धरला. आता माझ्या हातात काही उरलं नाही आणि तेच सगळ्यात वाईट होतं. चुकले असेन तर ही बाई माझ्या डोळ्यांदेखत जाणार होती. आकडा ऐंशीवर आला, पुन्हा सत्याहत्तरवर उतरला. गिरिजाबाई डोळे फिरवायला लागल्या. मी मोठ्याने त्यांचं नाव घेत राहिले, आणि मनात त्या आष्टीच्या माणसाचं.

पंधरा मिनिटांनी त्यांचं लुगडं ओलं झालं. मला एवढा आनंद झाला की हसूच आलं. मग आकडा ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव.

दवाखान्यात पोहोचल्यावर कल्याणने गाडीचं मागचं दार उघडलं. पडद्यावर काय दिसलं ते त्याला सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात गिरिजाबाईंनी स्वतःच मास्क बाजूला सारला. वाटभर जमवलेला श्वास त्यांनी तिथे खर्चला.

"मिरच्या भाज म्हणून... मीच सांगितल्तं," त्या म्हणाल्या. "तिला बोलू नको."

म्हणजे हे दैवशालाला घरातच, सगळ्यांसमोर सांगता आलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती सासूच्या तोंडावर मास्क पुन्हा नीट बसवत होती.