आप्पारावांचं नाव

पूर्णेत बसून आप्पारावांनी चाळीस वर्षांत किती गळे नावारूपाला आणले, त्याला गणती नाही. कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, सगळी गाणी मोबाइलात आली. आप्पारावांची रेकॉर्डिंगची कंपनी मात्र टिकली. कुणी काय गायचं, साथीला पेटी घ्यायची की नुसता टाळ, सगळं तेच ठरवत. त्यांचं नाव मात्र कुठेच नसे. सत्काराला गायकाच्या गळ्यात हार पडे आणि लोक आप्पारावांना विचारत, "गाडी तुमीच आनली का?" ते हसून 'हो' म्हणत. आपल्याला नावाची हौस नाही, हे ते येता-जाता सांगत. खरंच हौस नसलेला माणूस इतक्यांदा सांगत नाही.

त्यांचा एक नियम होता. जात्यावरच्या ओवीत बाई आपल्या भावाचं नाव गुंफते. आप्पाराव ते काढून तिथे 'बंधुराया' घालायला लावत. ऐकणारीला तिचाच भाऊ आठवला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या अकलेवर कंपनी चालली होती.

परवा बोरीच्या गोजरबाई गायला आल्या. वीस वर्षं त्या आप्पारावांकडे गात होत्या, पण भावाची ओवी त्यांनी कधी म्हटली नव्हती. त्या दिवशी मधेच धरली:

"बोरीच्या वाटंला धुरळा दिसतो लांब,
आला माझा आप्पाराव, जात्या जरा थांब."

कॉम्प्युटरवर बसलेली सून भक्ती गालात हसली. "मामा, नाव काढायचं ना? नियम हाय तुमचा."

आप्पारावांनी त्या दोन ओळी तीनदा ऐकल्या. तपासायला म्हणून. मग घसा साफ केला. "गोजरबाई, नियम म्हंजे नियम. 'बंधुराया' म्हना."

"न्हाई म्हनत. मला भाऊ न्हाई. जिला भाऊ न्हाई तिनं ही ओवी कुनाच्या नावानं म्हनावी? आजवर तोंडातून काढली न्हाई. आता कुठं एक भाऊ केला, तर तुमी त्यालाच काढायलाव कामून?"

आपलं नाव कुणीतरी असं घ्यावं म्हणून आपण किती झुरत होतो, ते आप्पारावांना आत्ता कळलं आणि लाजही वाटली.

"राहू दे गं, भक्ती," ते कसेबसे म्हणाले. "दिवाळीला न्यायला येतो, बाई."

"या की," गोजरबाई पदर सावरत म्हणाल्या. "पन तिथं मला गायला लावू नका. माहेराला आलेली लेक काम करत नसती."