तुळशीच्या लग्नाआधी

यमुताईंनी गुडघाभर चिखलात उभ्या उभ्याच आरोळी ठोकली.

“मिनल! अवं, तुझा फौजी आला!”

मिनलच्या हातातली भाताच्या रोपांची जुडी पाण्यात पडली. रामटेकच्या रस्त्यावर मोटारसायकल तशीच आडवी टाकून अश्विन बांधावरून पळत येत होता. रोवण्याला, भाताच्या लावणीला, आलेल्या साऱ्या बाया कमरेतून सरळ झाल्या. सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या वच्छलाबाई, मिनलची आजी.

मे महिन्यात दारात मांडव पडला होता, हळद कालवून ठेवली होती. तेवढ्यात सीमेवर लढाई पेटली आणि त्याच संध्याकाळी अश्विनला सुट्टी मोडून निघावे लागले. पुन्हा सुट्टी मिळाली ती आता, ऐन आषाढात.

“दहा दिवस हायेत,” तो धापा टाकत म्हणाला. “मंग थेट जम्मू. पुढची सुट्टी कधी, सांगता येत नाई.”

“म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यावरच तुमचं,” यमुताई म्हणाल्या. “चातुर्मासात कोणी लग्न लावते काय?”

“तोवर फोनवरच संसार करा गा!” मागून कोणीतरी म्हणाले आणि भाताच्या बांधीभर हशा उसळला.

मिनल हसली नाही. ती वाकून रोपे लावू लागली. एकही सरळ बसेना.

वच्छलाबाईंना असाच एक आषाढ आठवला. एकाहत्तरच्या आषाढात केशव असाच पळत आला होता. त्याचे नि वच्छलाबाईंचे लग्न ठरलेले होते. तो म्हणाला होता, आत्ताच लावून टाका. त्याच्या घरून निरोप आला, तुळशीचे लग्न होऊ द्या. कार्तिकात फौजेच्या सुट्ट्या बंद झाल्या आणि डिसेंबरात तार आली. दोन वर्षांनी केशवच्या धाकट्या भावाशी, रुपरावांशी, त्यांचे लग्न झाले.

रुपराव बांधावर बसले होते. पंचांग पाहिल्याशिवाय हा माणूस बैलाला वेसणही घालत नसे. वच्छलाबाई पदर खोचून, चिखल तुडवत त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“अजी, पोरीचं लग्न आताच लावायचं. तुमी नाई म्हटलं तरी.”

“उद्या हळद,” रुपराव म्हणाले. “परवा लग्न.”

भांडायला आलेल्या वच्छलाबाईंनी खोचलेला पदर सोडला.

“अन् पंचांग?”

रुपराव काठीने बांधावरची माती उकरत राहिले.

“तेव्हा बा तयार होता, वच्छला. लगेच लावतो म्हणे दादाचं लग्न. मीच पाय धरले त्याचे. चातुर्मास मोडू नको म्हटलं.”

“तुमाले काय पडली होती चातुर्मासाची? वीस वर्षांचे होते तुमी.”

“चातुर्मासाची नाई,” ते खाली पाहत म्हणाले. “तुझी.”

बांधीतून बाया ओरडत होत्या, “काय ठरलं वं, वच्छलाबाई?”

वच्छलाबाई वळल्या. त्यांचा आवाज पार पलीकडच्या शेतापर्यंत गेला.

“परवा लग्न! उद्या रोवणा बंद!”

बायांनी एकच गलका केला. अश्विन बुटांसकट चिखलात उतरला, मिनलने ओंजळभर पाणी त्याच्या अंगावर उडवले, आणि यमुताई तिथेच हळदीचे गाणे म्हणू लागल्या.

रुपरावांनी उठण्यासाठी सवयीने हात पुढे केला. वच्छलाबाईंनी तो पाहिला. चिखलाने भरलेला आपला हात त्यांनी पदराला पुसला, आणि पुसतच राहिल्या.