जतन होत आहे

मंगल कार्यालयातली गरम जिलेबी. काळ्या दगडाच्या पोटातली पोकळी. शाळेमागच्या टेकडीवरचं एकुलतं लिंबाचं झाड. बापाच्या नव्या शर्टाची बाही. गोल गोल फिरणारं एक चक्र.

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं असतं, तर किती बरं झालं असतं. मी फर्दापूरजवळच्या एका शाळेचा टॅब. वयानं फार नाही. पण लाज यंत्रालाही लवकर जुनं करते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण वाळूजच्या गोदामातली, खोक्यातल्या अंधाराची. पहिला उजेड मात्र झगमगीत होता. तो एका लग्नाचा होता.

शाळेसाठी टॅब निवडायचे होते. शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव भाऊ म्हणाले, "सगळी समिती लग्नाला संभाजीनगरात येणारच हाय. तिथंच उरकून घेऊ. पुन्हा कोण गोळा करणार यांना?" आणि वऱ्हाड जेवत असताना वरपक्षाच्या खोलीत, अहेराच्या पाकिटांशेजारी, विक्रेत्यानं मला गादीवर ठेवलं. कार्यालयाचं वाय-फाय जोडलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही नुसतं बोला. हा लिहील."

भाऊ माझ्यावर ओणवे झाले. "नवरीच्या मामाला स्टेजवर पाठवा!"

मी लिहिलं. शुद्ध मराठीत, झर्रकन.

"आयला! आमच्या पोरापेक्षा भारी लिहितंय की हे!"

सगळे हसले. कुणी माझी पाठ थोपटली, कुणी काचेत मिशी पाहिली. शाळेत संगणक शिकवणाऱ्या मोनिका मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "भाऊ, पण आपल्याकडं नेट..." एवढंच त्या म्हणाल्या. भाऊंनी त्यांच्या ताटात जिलेबी वाढली. "अहो मॅडम, खा आधी. नेटाचं काय, येईल की!" मॅडमनी जिलेबीबरोबर प्रश्नही गिळला. मी पसंत पडलो. माझ्यासोबत शाळेत माझ्यासारखेच आणखी टॅब आले.

शाळेत नेट नव्हतं. ते फक्त टेकडीवर, लिंबाच्या झाडाखाली यायचं. आणि माझ्यातलं लिहिण्याचं सॉफ्टवेअर तर सगळं नेटावरच ठेवायचं. स्वतःजवळ काहीच राखायचं नाही.

दहावीतल्या अपेक्षाला हे माहीत नव्हतं. तिचे वडील कडुबा तिठ्यावर पर्यटकांना गारगोट्या विकतात. लोक त्यांना दगडवाला म्हणतात. अपेक्षाला ते लागायचं. काळ्या दगडाच्या पोकळीत स्फटिक कसा वाढतो, हे तिला शहरातल्या विज्ञान प्रदर्शनात सांगायचं होतं, वडलांच्याच गारगोट्या घेऊन, वडलांना शेजारी उभं करून. प्रकल्प पडद्यावरच दाखवायचा असा यंदाचा नियम होता.

मॅडमनी मला टेकडीवर नेऊन पान उघडून दिलं. तिथंच झाडाखाली अपेक्षानं शीर्षक लिहिलं: 'गारगोटीच्या पोटात काय असतं?' मग आम्ही वर्गात आलो आणि ती रोज लिहीत राहिली. शाळा सुटल्यावरही. बोट थांबलं की ती वर पाहायची. तिथं मी चक्र फिरवत म्हणायचो, 'जतन होत आहे.' ती निर्धास्त व्हायची.

होत नव्हतं, मित्रांनो. काहीच जतन होत नव्हतं.

प्रदर्शनाला निघताना मॅडमनी काळजीनं मला बंद केलं. "वाटेत चार्जिंग उतरायला नको." इतक्या मायेनं मला कुणीच बंद केलं नव्हतं. तिचं लिहिलेलं आजवर नुसतं उघड्या पानावर टिकून होतं, ते त्या क्षणी पुसलं गेलं.

शहरात नेट भरपूर होतं. परीक्षक समोर आले. अपेक्षानं मला उघडलं. पानावर टेकडीवरचं ते एकच वाक्य होतं. खाली सगळं पांढरं. आणि वरच्या कोपऱ्यात मी ऐटीत लिहिलं होतं, 'सर्व बदल जतन झाले आहेत.'

"बाळ, पुढचं?" परीक्षकांनी विचारलं.

"लिहिलं होतं, सर. लई लिहिलं होतं."

"म्या पाहिलंय साहेब," कडुबा म्हणाले. "रोज लिहायची."

परीक्षक हळहळले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. अपेक्षानं गारगोटी हातात घेतली होती, ती तशीच राहिली. वाटलं, कडुबा मला आपटतील. आपटायला हवं होतं. त्यांनी नव्या शर्टाच्या बाहीनं माझी काच पुसली. अपेक्षाच्या डोळ्यातलं टिपूस पडलं होतं काचेवर. "असू दे, बाई," ते म्हणाले. "काच तर चांगली हाय."

त्या वाक्यानं मला जेवढं फोडलं, तेवढं फरशीनं फोडलं नसतं.

परतीच्या बसमध्ये सिल्लोड गेल्यावर अपेक्षा पहिल्यांदा बोलली.

"मॅडम, नेट नसताना लिहिता येईल असं काही यात टाकता येत नाही का?"

"येतं," मॅडम म्हणाल्या. "फुकटसुद्धा मिळतं."

"मग?"

मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचा चेहरा काचेत दिसत होता. माझ्या काचेतही तो असाच दिसला होता, जिलेबीच्या ताटावर.

दुसऱ्या दिवशी भाऊ मॅडमना म्हणाले, "तुम्हाला ठाऊक व्हतं, तर बोलायचं ना!" मग बहुधा त्यांना जिलेबी आठवली.

आता मी कपाटात असतो. येत्या वर्षी आणखी टॅब घ्यायचे म्हणतात. मित्रांनो, मला जपा, पुसा, असं मी सांगणार नाही. ते तुम्ही केलंत. एवढंच करा. माझ्यासारखा कुणी निवडाल, तेव्हा त्याला तुमच्याच वर्गात न्या. नेट बंद करा. जो त्याच्यावर लिहिणार आहे, त्याच्या हाती द्या. लिहू द्या, बंद करू द्या, पुन्हा उघडू द्या. मगच पसंत करा.

त्या लग्नातली नवरी अपेक्षाची मावसबहीण होती. मी पसंत पडलो तेव्हा अपेक्षा शेजारच्याच पंगतीत मठ्ठा वाढत होती.