कुईकुई करणारी तीनचाकी

"किती रडशील गं बयो, डोकं उठवलं माझं!" रहीमभाऊ माझ्या पुढच्या चाकाशी तोंड आणून पुटपुटले आणि तेलाच्या डबीची चोच त्यांनी आसात खुपसली.

मित्रांनो, ती रडणारी बया म्हणजे मी. लहान मुलांची एक जुनी, लोखंडी तीनचाकी सायकल. भद्रावतीला रस्त्याच्या कडेला रहीमभाऊंचं सायकलींचं दुकान आहे, त्याच्या दाराशी मी उभी असते.

नागपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी घडले, तेव्हा कुंकवासारखी लाल होते. कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या ताबिशच्या घरी मला मोठ्या कौतुकानं नेलं. माझ्यावर बसायला अंगणात पोरांची भांडणं लागायची. मग एका पावसाळ्यात मी बाहेरच राहिले आणि चाक कुईकुई करू लागलं. दुपारी आडवी होणारी माणसं वैतागली. ताबिशचे पाय लांब झाले आणि मी भंगाराच्या हातगाडीवर चढले. तिथून रहीमभाऊंनी मला उतरवून घेतलं. रंग दिला, मुठींना रिबिनी बांधल्या, रबरी भोंपू बसवला. खोड उरली होती ती आवाजाची. आज तीही गेली. आता तरी कुणी नेईल मला, असं वाटलं.

त्याच दुपारी तलावाकाठच्या एका गावातून कुंता आली. सोबत तिचे सासरे मनसाराम, तलावात जाळं टाकणारे, आणि कडेवर अडीच वर्षांची लेक आचल.

मनसारामांनी मऊ चाकांची नवी सायकल पुढे ओढली. "हे घे सूनबाई. मुंगीले बी पत्ता लागत नाई."

"तेच तर नको, मामाजी."

"मंग हे गाणं म्हणणारी?"

"बॅटरीचे शेल संपले का मुकी होते ते..." म्हणाली आणि कुंतानं जीभच चावली. मनसाराम उगाच छताकडे पाहू लागले.

तिनं एकेक सायकल ढकलून पाहिली, कान खाली नेऊन. मलाही ढकललं. मी शहाण्यासारखी गप्प राहिले. तिचा चेहरा उतरला.

"रहीमभाऊ, कुरकुरणारी नाई का एखादी?"

"या खुदा! सकाळपासून तेच बंद करून राह्यलो ना बाई मी!"

"आमच्या घरामागं तलाव, तलावामागं जंगल," कुंता हळूच म्हणाली. "मागच्या हप्त्यात जनावरानं दारातून कुत्रं नेलं. हे पोरगी कुठी हाय, ते मले चुलीपाशी कळलं पायजे."

"हाक मारत जा ना मंग."

"मारतो ना, भाऊ." एवढंच बोलून तिनं आचलचा फ्रॉक सारखा केला. तो सारखाच होता.

"खेळात गुंग राह्यते ते," मनसाराम घाईनं म्हणाले. "अन् बोलाचं म्हणाल, तर इचा बाप बी उशिराच बोलला."

रहीमभाऊंनी पुढं काही विचारलं नाही. रॉकेलची चिंधी घेतली आणि सकाळी घातलेलं तेल पुसून काढलं. चाक फिरवलं. कुई, कुई! जन्मभर शिव्या खाल्लेला माझा आवाज, आणि तो ऐकून एका बाईनं सुटकेचा श्वास सोडला.

आचलला माझ्यावर बसवलं. तिनं पायडल मारले आणि खुदकन हसली. मोठी माणसं भाव करण्यात गुंतली. तेवढ्यात माझं पुढचं चाक दुकानाच्या उतारावर आलं.

मित्रांनो, तीनचाकीला ब्रेक नसतो. समोर रस्ता होता आणि रस्त्यावर कोळशाचा ट्रक. त्याचा हॉर्न असा फुटला की माझा पत्रान् पत्रा थरथरला. "आचल! आचल!" मागून तिघंही ओरडली. पोरीनं मान वळवली नाही. ती माझ्या रिबिनी उडताना पाहत होती. मला थांबता येत नव्हतं, वळता येत नव्हतं. जे येत होतं तेच मी केलं. कधी रडले नाही इतकी कुईकुई केली. हाक मारून थकलेली कुंता त्या आवाजामागे धावली आणि तिनं माझी सीट पकडली. ट्रक धूळ उडवत गेला. तिनं मला पोरीसकट ओढत दुकानाच्या दाराशी परत आणलं.

"घाबरली असंल," रहीमभाऊ म्हणाले.

"हो ना, घाबरली असंल," कुंता म्हणाली. घाबरलेली पोरगी बोटाला रिबीन गुंडाळत होती.

माझं एक मागणं आहे, मित्रांनो. कुरकुरणाऱ्या चाकाला तेल जरूर घाला. पण कुणी मुद्दाम कुरकुर मागायला आलं, तर ती कशासाठी हवी, एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जवळ थांबा.

मनसाराम थांबले. गुडघे मोडून ते आचलच्या मागे बसले. माझा भोंपू त्यांनी तिच्या कानाशी दाबला. समोरच्या टपरीवरची माणसं दचकून वळली. म्हाताऱ्यानं पुन्हा दाबला. आचल रिबिनीच गुंडाळत राहिली.

त्यांनी भोंपूवरचा हात काढून नातीच्या डोक्यावर ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "आपल्या आचलले ऐकू येत नाई."