झाकणांचा मान

मी नूतन, नवरीची आत्या. सोनिवलीत आमच्या घरच्या हळदीत मला विचारल्याशिवाय पान हलत नाही. हललंच तर मी मांडव हलवते, हे सगळ्यांना माहीत आहे.

तर रिद्धीची हळद, मे महिना, आणि पोरीचा एकच हट्ट. "विठाआजीने धवले गायल्याशिवाय मी अंगाला हळद लावून घेणार नाही." विठाआजी आमची धवलारीण, लग्नाचे धवले गाणारी. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, तिचं गाणं आधी. पण मागच्या उन्हाळ्यात एका मांडवात ती उकाड्याने गातागाताच कोसळली होती. तेव्हापासून तिचा लेक राजू तिला कुठे पाठवत नाही. तो मला म्हणाला, "नूतनताई, गारवा असेल तर आणतो. तिथे तिला तापलेली बघितली, की उचलून घरी नेणार."

आता उघड्या मांडवाला एसी कुठून लावायचा? पाण्याचा कूलर लावावा, तर आमच्या बदलापूरच्या दमट हवेत माणूस गार होत नाही, नुसता चिकट होतो.

रिद्धीचा भाऊ भावेश अंबरनाथला एमआयडीसीत कामाला आहे, मशिनचं तेल गार करायचे कूलर बनवतात तिथे. तो म्हणाला, "आत्या, टेन्शन नको घेऊ. मी बनवतो." पत्र्याची लांबट पेटी, आत ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्या, पात्यांच्या आरपार तांब्याची नळी, नळीत बर्फाचं पाणी फिरतं, आणि मागे पंखा. पाणी नळीतच राहणार, म्हणजे हवेला ओल नाही. पाती गार होणार आणि तिला घासून येणारी हवाही गार.

पात्या कापायला जुनी ॲल्युमिनियमची झाकणं हवीत, असं तो बोलला. माझ्यासमोर बोलला, तिथेच फसला. मी गावभर सांगून आले.

आमच्याकडे भांडी एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरतात, म्हणून झाकणावरसुद्धा नाव कोरलेलं असतं. जो तो झाकण घेऊन आला आणि वर बजावून गेला, "आमचं नाव दिसेल असं काप हां!" शेजारच्या इंदुबाईने तर सासऱ्यांच्या नावाचं आणलं. मी माझ्या आईचं दिलं, जनाबाईचं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तिचं असं तेवढंच राहिलं होतं.

भावेश म्हणाला, "आत्या, थोडीच पुरेत. गर्दी झाली तर..."

"गप रे! एकाचं घेतलं नि दुसऱ्याचं परत केलं, तर उद्या जेवायला कोण येईल? सगळी घाल."

बिचाऱ्याने सगळी घातली.

हळदीच्या संध्याकाळी विठाआजी आली, पेटी सुरू झाली. पंखा नुसता गुरगुरतोय! पुढे साधी पताका हलेना. आत बोट घातलं तर पात्या बर्फासारख्या गार, पण हवा काही बाहेर येईना.

"आत्या, पाती गारवा देते, पण हवेला अडवते पण," भावेश म्हणाला. "एवढ्या दाटीतून घासत घासत हवा पुढे सरकणार कशी? निम्म्या काढायला लागतील."

निम्म्या! पण कोणाच्या?

इंदुबाई पेटीला आडवी झाली. "आमच्या सासऱ्यांना हात लावून तर बघ!" रिद्धीचा आनंदामामा गरजला, "मामाकडची पाती काढणार? मग आम्ही चाललो!" तिकडे विठाआजीचं तोंड लालबुंद झालं होतं. राजू तिला हात देऊन उठवायला लागला. पाटावर बसलेल्या रिद्धीचे डोळे भरले, पण हळदीची वाटी तिने लांबच सारली.

माझं डोकंच सटकलं. दुसऱ्या कोणावर नाही, माझ्यावरच. सगळी घाल म्हणणारी मीच ना? मी पंखा बंद केला, पेटी उघडली, नळी सोडवायला लावली आणि पहिली आईची पाती बाहेर काढली.

"ही माझ्या आईची. आता बोला!"

इंदुबाई नाक ओढत म्हणाली, "आमच्या सासऱ्यांना तशी मोकळी हवाच आवडायची." त्यांचीही निघाली. आणि अहो, मग काय विचारता! पाती काढून देण्यातच मान झाला. "आमची काढ! त्यांची काढलीस, मग आमची का नाही?" भावेश पेटीवर आडवा पडून ओरडत होता, "अरे बस करा, गार काय करणार मग?"

त्याने नळी पुन्हा जोडली, पंखा लावला. पताका फडफडली. विठाआजीने त्या वाऱ्यात तोंड धरलं, डोळे मिटले, आणि राजूचा हात सोडून खाली बसली.

"काढलेल्या पात्या आन गो बाय," ती मला म्हणाली. "राजू, वाच नावं."

राजू एकेक नाव वाचत गेला आणि ती धवल्यात ओवत गेली. इंदुबाईच्या सासऱ्यांच्या घरची हळद आली, आनंदामामाच्या घरचं तेल आलं. रिद्धीने वाटी जवळ ओढली. शेवटची पाती राजूने उचलली, तशी आजीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही नको वाचू. ही माझे जनीची."

आणि तिने आईचं नाव घेतलं. सगळ्यात लांब सुरात, दोनदा. आई असती तर आज पहिली हळद तिनेच लावली असती. मी तिथेच पाटाशेजारी बसले.

भावेश वाकून म्हणाला, "आत्या, हवा डोळ्यात जातेय का? पंखा कमी करू?"

"हात लावून तर बघ!" मी म्हटलं.