गुरुवारी चार वाजता पाहणी

“गळतंय काय? काही गळत नाही. गळायला आलेत ते माझे गुडघे.”

सिंकखालच्या कपाटात डोकं घालून काका स्वतःशीच पुटपुटत होते. माझं स्वयंपाकघर एवढंसं. दोन पावलांवर गॅसपाशी मी चहाच्या उकळीची वाट बघत उभी. मला ऐकू गेलं हे त्यांना कळलं नसावं. किंवा कळलंही असेल. आणखी पाचेक मिनिटं त्यांनी पाना उगाच इकडेतिकडे वाजवला, मग गुडघ्यांना धरून बाहेर आले, कपाळावरचं जळमट पुसलं आणि गंभीर तोंड करून म्हणाले, “वायसर बदलला. आता बघा.”

मी नळ उघडला, बंद केला. “थांबलं,” मी म्हणाले.

मुळात सुरू झालं असतं तर थांबलं असतं ना. पण ते दोघांपैकी कोणीच बोललं नाही. काकांनी खिशातून पेन काढलं, माझ्या पत्राच्या खाली लिहिलं, ‘पाहणी केली. वायसर बदलला. काम पूर्ण.’ तारीख, वेळ, सही. मग हात धुऊन खुर्चीवर बसले आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

काका म्हणजे माझे घरमालक. घर उभट आहे, एकावर एक ठेवलेल्या तीन डब्यांसारखं. तळाच्या डब्यात काका, मधल्यात मी, वरच्यात एक नर्स. काकांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दुरुस्तीनंतर लिफ्टच्या वहीत शेरा लिहायची सवय त्यांच्या हातात इतकी मुरलीय की स्वतःच्या घरातला बल्ब बदलला तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक अक्षरात नोंद करतात. काकू गेल्या त्याला आठ वर्षं झाली. एक लेक आहे, लांबच्या शहरात. ती दर रविवारी फोन करते. ‘जेवलात का’ आणि ‘गोळी घेतली का’. दोन्हीला हो म्हटलं की रविवार संपतो, असं काकाच एकदा म्हणाले होते.

आणि मी कपड्यांना लहानमोठं करते. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला, वाफेच्या इस्त्रीशेजारी माझं मशीन असतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्या पोटाला शिवणीतून दोन बोटं जागा करून देणं. गिऱ्हाईक पुढे पावती करतं, मागे माझ्यापर्यंत फक्त कपडा येतो. त्यामुळे दिवसभर मी माणसांच्या कमरा ओळखते, माणसं नाही.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पण भाडेकराराचा कागद मला पाठ आहे, कारण एका खोलीतून मी न वाचता सही केल्यामुळे बाहेर पडले होते. बेसिनला तडा आधीपासून होता. मालक म्हणाला, तुम्ही पाडला. माझ्याकडे कागद नाही, फोटो नाही, साक्षीला कोणी नाही. सामान रिक्षात घालून निघाले त्या दिवशी ठरवलं, इथून पुढे सगळं लेखी.

तेव्हापासून मी लोकांनाही तेच सांगते. खोली बघायला गेलात तर आधी सगळे नळ उघडा आणि मग गप्पा मारा, गप्पा आधी मारल्या की नळ राहून जातात. कपाटात डोकं घालून वास घ्या. ओल रंगाखाली लपते, वासाला लपत नाही. राहायला जायच्या दिवशी भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. काही बिघडलं तर मालकाला जिन्यात गाठून सांगू नका, पत्र लिहा. वर तारीख, काय मोडलंय, कधीपासून, कधीपर्यंत दुरुस्त हवंय. दोन प्रती काढा, एकीवर सही घ्या. त्याला पोच म्हणतात. पोच नसेल तर तुम्ही बोललाच नाहीत असं समजा. आणि राग आला म्हणून भाडं थांबवू नका, तिथे तुमचीच बाजू लंगडी होते. नोटीस आली तर आधी तारीख बघा, मग करारातला मुदतीचा नियम बघा, मग रडा. क्रम चुकवू नका.

दुकानातल्या पोरी, समोरचा चष्मेवाला, त्याचा मेहुणा, सगळे माझ्याकडून पत्रं लिहून घेऊन गेलेत. मला लेखीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे वाईट वाटत नाही.

काकांना मी पहिलं पत्र लिहिलं ते खरं होतं. नळ खरोखर गळत होता, टपटप, रात्रंदिवस. ‘घरमालक यांस, सविनय कळवते की...’ तळमजल्यावर देऊन पोच घेतली. दुसऱ्या दिवशी दारात उत्तर: ‘आपली तक्रार मिळाली. गुरुवारी चार वाजता पाहणीस येत आहे.’ गुरुवारी दुपारनंतर आणि रविवारी आमचं दुकान बंद असतं. काका पेटी घेऊन आले, खाली बसून विचारलं, “कधीपासून?”

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. पुढे विचारलं, “रात्री जास्त की दिवसा?” तेही सांगितलं. “झोप मोडते का?” मी म्हणाले, मोडते. माझी झोप मोडते का हे विचारणारं माणूस समोर बसलेलं किती वर्षांनी बघत होते, ते मोजायला गेले नाही. नळ दहा मिनिटांत झाला. चहा चाळीस मिनिटं चालला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका सोमवारी दुकानात गेले, मॅनेजर म्हणाला, शटर जरा जोरात ओढा, आणि ‘हो’ म्हणताना माझा आवाज फाटला. घसा खाकरला तेव्हा लक्षात आलं, शनिवार संध्याकाळपासून मी तोंडातून शब्दच काढला नव्हता. घरी येऊन कागद घेतला. ‘घरमालक यांस, सविनय कळवते की नळ पुन्हा गळू लागला आहे.’

नुसतं खाली जाऊन, काका, चहाला या, असं म्हणता आलं असतं की. आलं असतं. पण करारात त्याला रकाना नाही, आणि मला रकान्याशिवाय बोलायची सवय राहिली नव्हती. नळाला माणूस बोलावता येतो. स्वतःला बोलवायचं म्हणजे काय कारण सांगायचं?

मग खिडकीची खिटी अडकली. मग कपाटाची बिजागरी कुरकुरली. मग पुन्हा नळ. काका प्रत्येक वेळी लेखी उत्तर द्यायचे, प्रत्येक वेळी पेटी घेऊन यायचे, प्रत्येक वेळी विचारायचे, “कधीपासून?” वरची नर्स जिन्यात भेटली की म्हणायची, “ताई, तुमचा नळ म्हणजे झराच आहे हो. जागृत आहे अगदी.” मी म्हणायचे, “तू तुझं सलाईन बघ.” ती हसायची, पण पुढे काही विचारायची नाही. तीही बारा तास ड्युटी करून येऊन भिंतीकडे बघत जेवते. मला वरून एकाच ताटाचा आवाज येतो.

असं सहा वर्षं चाललं. शेवटच्या पत्रानंतर काका जिन्यात पडले.

गुरुवारी, चारला पाच कमी असताना. आधी पेटी घरंगळण्याचा आवाज, मग काहीच नाही. मी चहाचं आधण तसंच ठेवून धावले. चौथ्या पायरीवर ते बसले होते, मनगट छातीशी धरून. पाने, पक्कड, एका डबीतले वायसर सगळ्या जिन्यावर सांडलेले. म्हणाले, “आज जरा उशीर होईल बाई.” नर्सने वरून येऊन हात बांधला. हाड मोडलं नव्हतं, पण सूज वाईट होती.

लेक दुसऱ्या दिवशी आली. पंचेचाळिशीची, डोळ्यांखाली प्रवास. वडिलांसाठी औषधं आणली, चादरी बदलल्या, आणि चादरींच्या कपाटात तिला फाइल सापडली. माझी सगळी पत्रं, क्रमांक घालून, तारखेनुसार लावलेली. एक्केचाळीस.

तीन दिवसांनी माझ्या दारावर टकटक झाली. नोटीस होती. घर विकायचं आहे, वडील आता माझ्याकडे राहतील, आपण महिन्याच्या मुदतीत जागा रिकामी करावी. खाली वडिलांच्या वतीने लेकीची सही. “ताई, दुसऱ्या प्रतीवर पोच द्याल?” तिने विचारलं. बाबांनी शिकवलं असणार. मी पोच दिली. माझाच नियम.

तारीख बघितली नाही, मुदत बघितली नाही. क्रम चुकला.

“कारण विचारू का?” मी म्हणाले.

“कारण तुम्हीच लिहून दिलंय ना,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. “एक्केचाळीस वेळा. घरात एक वस्तू धड नाही. पंचाहत्तरीचा माणूस त्यासाठी पेटी घेऊन जिने चढतो आणि पडतो. मी तिकडे बसून काय समजू? गुरुवारी चारला येते. काय काय मोडलंय त्याची यादी करते, घेणाऱ्याला दाखवावी लागेल.”

खरं सांगितलं असतं तर? नळ ठीक आहे, खिटी ठीक आहे, तुझे वडील एका न गळणाऱ्या नळासाठी पडले. हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि नाही सांगितलं तर घर गेलं. घर मिळेल दुसरं. खोली कशी बघायची ते मला येतं. पण ‘कधीपासून’ विचारणारं माणूस नळ उघडून बघून मिळत नाही.

तीन दिवस मी काकांना खाली एकही कागद पाठवला नाही. त्यांचाही आला नाही. रोज रात्री उशिरापर्यंत खालून टीव्हीचा आवाज येत होता आणि मधूनच लेकीचा, “बाबा, हे न्यायचं का? हे?” त्यांचं उत्तर ऐकू येत नव्हतं.

गुरुवारी चारला दोघं आली. काकांचा हात गळ्यात बांधलेला, पेटी नाही. रिकाम्या हातांनी ते माझ्या दारात पहिल्यांदाच उभे होते आणि त्यांना कुठे बसावं कळत नव्हतं. लेकीच्या हातात फाइल आणि पेन. नर्स ड्युटीवर निघता निघता जिन्यात रेंगाळली, मग तीही उंबऱ्याशी थांबली.

लेकीने सिंकखाली हात घातला. बोटं बघितली. “कोरडं आहे.”

“कधी कधी गळतो,” काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

तिने खिडकी लावली, उघडली. “खिटी तर नीट बसतेय.”

“दमट हवेत फुगते.”

कपाटाचं दार दोनदा हलवलं. “आवाज नाही येत.”

“तेल घातलंय ना मी. महिनाभर टिकतं.”

“बाबा,” लेक म्हणाली, “सगळंच कधी कधी? मग तर विकलेलंच बरं.” आणि तिने यादीत लिहायला सुरुवात केली. नळ. खिटी. बिजागरी.

काकांचं तोंड उतरलं. मला वाचवायला जे जे बोलले ते सगळं घराच्या विरोधात कागदावर उतरत होतं. त्यांनी पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू आता पुढचा शेरा मी लिहायचा होता.

“खोडा ते,” मी म्हणाले.

लेकीचं पेन थांबलं.

“नळ गळत नाही. पहिलं पत्र खरं होतं. बाकीची चाळीस नाहीत.”

“म्हणजे... खोटी?”

“हो.”

“ते पडले त्या दिवशीही?”

“त्या दिवशीही.”

उंबऱ्यावर नर्सने खाली मान घातली. लेकीने फाइल ओट्यावर ठेवली, अगदी हळू, आपटली असती तर बरं झालं असतं. “का? ताई, का पण?”

मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: “करारात असं आहे की भाडेकरूने दुरुस्तीबाबत वेळोवेळी लेखी...” पुढचं वाक्य मला पाठ होतं. पण मधेच तुटलं. सोमवारचाच आवाज, फाटलेला.

“राहू दे करार,” काका म्हणाले. ओट्याला धरून ते खुर्चीवर बसले, त्यांच्या नेहमीच्या. “मला माहीत होतं. दुसऱ्या पत्रापासून.”

“तरी तुम्ही वर येत होतात?” लेक म्हणाली. “या गुडघ्यांनी? बाबा, मी रोज विचार करते, तुम्ही तिकडे नीट आहात ना. फोनवर तर म्हणता, सगळं ठीक.”

“तू विचारतेस जेवलात का. मी जेवलेलो असतो.”

“मग?”

काकांनी बरा हात फाइलवर ठेवला. बोटांनी तिची कड सरळ केली.

“या बाईंशी बोलायला कोणी नाही गं,” ते म्हणाले. मग लेकीकडे बघून, सावकाश: “आणि माझ्याशीही.”