तेहतीस सेंटिमीटर

जमिनीपासून माझ्या फळीपर्यंतचं अंतर तेहतीस सेंटिमीटर आहे. मांडी घालून बसलेल्या माणसाचा हात वाडग्यापर्यंत सहज पोहोचावा, एवढंच. मित्रांनो, मी एक जुना जेवणाचा चौरंग आहे, आणि माझ्या या उंचीवरून आमच्या घरात वर्षभर कुणी कुणाशी धड बोललेलं नाही.

कोरियातल्या हेंगग्ये या डोंगराळ गावात ओक-बूनबाईंची खानावळ आहे. तिथे सुकवलेल्या माशाचं सूप मिळतं. त्यांच्या नवऱ्याने वादळात पडलेल्या पाइनपासून आम्हां आठ भावंडांना घडवलं. तो गेल्याला बारा वर्षं झाली. गिऱ्हाइकं दाराशी बूट काढत, खालून तापवलेल्या फरशीवर बसत आणि आमची गुळगुळीत फळी हाताने चाचपून बघत. त्या कौतुकावर मी जगलो.

मग हिवाळी ऑलिम्पिक आमच्या डोंगरात भरणार असं ठरलं. बोगदे झाले, सोलहून वेगवान गाडी आली, शेजाऱ्यांनी घरांवर मजले चढवले. ऑलिम्पिकच्या कचेरीतून पत्र आलं की पाहुण्यांना जमिनीवर बसता येत नाही, म्हणून खुर्च्या असलेल्या खानावळींचीच नावं नकाशात छापली जातील. सून यनजू खुर्च्यांच्या बाजूची होती. हा हिवाळा रिकामा गेला तर तिला आणि नवऱ्याला सोलला नोकरी धरावी लागणार होती, आणि एकट्या ओक-बूनबाईंनी खानावळ चालवणं शक्यच नव्हतं.

"सतरा दिवसांचे पाहुणे," बाई म्हणायच्या. "अठराव्या दिवशी त्या खुर्च्यांवर कोण बसणार?"

त्यांच्या नवऱ्याचे मित्र ऑम आजोबा रोज माझ्यापाशी जेवत. खुर्चीवर आपले पाय लटकतात, शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतं, असं ते सांगत. पत्र मुळ्याच्या लोणच्याच्या बरणीखाली पडून राहिलं. आम्हांला कोपऱ्यात एकावर एक रचून किती जागा मोकळी होते, तेही यनजूने एकदा मोजून पाहिलं. तेव्हापासून सरपणाच्या ढिगाकडे माझं सारखं लक्ष जातं.

आज कचेरीला उत्तर कळवायचा शेवटचा दिवस. पाच वाजता कचेरी बंद होते. तीनच्या सुमारास एक उंच नॉर्वेजियन गृहस्थ आले. बर्फाचे उतार तपासायला आलेले होते. यनजूने हसून माझ्या फळीवर दोनदा थाप मारली. आमच्याकडे त्याचा अर्थ, ही जागा तुमची. पाहुणे वळले आणि चक्क माझ्यावर बसले.

माझा एक पाय कडकन तडकला.

पाहुण्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते घाईघाईने खाली फरशीवर उतरले, कसेबसे पाय दुमडले आणि तसेच अवघडून सगळं सूप संपवलं. ओक-बूनबाई गुडघे टेकून वाढत होत्या. माझ्या तडकलेल्या पायाकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

मित्रांनो, लाकूड तडकलं की आवाज होतो. माणूस मात्र आवाज न करता झिजतो, म्हणून जवळच्यांकडे नीट लक्ष द्यावं लागतं. बाई वाढून उठताना माझ्यावर किती भार टाकतात, हे वर्षानुवर्षं मला एकट्यालाच ठाऊक होतं.

पाहुण्यांना उठता येईना. बाईंनी हात दिला, पण त्यांनाही उठता येईना. दोघं एकमेकांचे हात धरून तसेच बसून राहिले.

"वहिनी," ऑम आजोबा म्हणाले, "तुम्ही त्यांना उठवताय की ते तुम्हांला?"

कुणी हसलं नाही. यनजू सासूच्या गुडघ्यांकडे पाहत होती. घड्याळात साडेचार वाजले होते.

"आई, दुखतात?" तिने विचारलं.

बाईंनी पाहुण्यांचा हात सोडला आणि तळवा माझ्या फळीवर ठेवला.

"गेली तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "कचेरीत फोन कर. खुर्च्या घेतो म्हणावं. आणि सुताराला सांग, फळ्या याच राहतील, फक्त आठांनाही उंच पाय लाव."